राखण माझी होती

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात ‘जबाबदारी सप्ताह’ साजरा झाला. साजरा म्हणजे अगदी साजरा. दाराला फुगे, प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला, आणि शेवटच्या दिवशी केक. केकवर क्रीमने इंग्रजीत ‘अकाउंटेबिलिटी’ लिहायला सांगितलं होतं. शब्द एवढा लांबलचक, की शेवटची अक्षरं केकच्या कडेवरून खाली घसरली होती. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

केक कापण्याआधी मेहराचं भाषण झालं. मेहरा आता आमचा मोठा साहेब आहे. पूर्वी तो शिफ्ट मॅनेजर होता, तेव्हापासून मी त्याला ओळखते. त्याने पडद्यावर एक जुना प्रसंग दाखवला. एका डिस्पॅचरने ड्युटी सोडताना हलगर्जीपणा केला, विमानात इंधन कमी पडलं, दैव बलवत्तर म्हणून माणसं वाचली. “पण त्या माणसाने चूक कबूल केली,” मेहरा म्हणाला, “और यही हमें उससे सीखना है.” टाळ्या पडल्या. मी केक खाल्ला नाही. नोकरी अजून तिथेच करते आहे, तेव्हा माझा निषेध एवढ्यावरच थांबला.

त्या ‘एका डिस्पॅचर’ला नाव होतं. मोतीराम केणी, राहणार अंजूर.

आमचं काम लोकांना माहीत नसतं. विमान उडायच्या आधी जमिनीवरचा एक माणूस त्याचा सगळा बेत आखतो. वाट कुठली, हवा कशी, इंधन किती, ठरलेलं विमानतळ बंद पडलं तर कुठे उतरायचं. बेताखाली त्याचं नाव पडतं आणि वैमानिकाचंही. विमान उतरेपर्यंत दोघंही सारखेच बांधलेले. वैमानिक वर असतो, त्याला टोपी असते, लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. डिस्पॅचर खाली एका बिनखिडकीच्या हॉलमध्ये डबा खात असतो. त्याला सरकारी परीक्षा देऊन मंजुरी मिळवावी लागते. ती गेली की त्या खुर्चीवर बसता येत नाही. केणीसरांना आयुष्यात त्या खुर्चीपलीकडे काही नको होतं.

बुटके, काळेसावळे, मान जाड, शर्ट कायम खोचलेला. मिशी अशी, की नवीन मुलं त्यांना सिक्युरिटीतले समजायची. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. डबा उघडला की हॉलमधली निम्मी माणसं नाक दाबायची आणि उरलेली निम्मी खुर्ची ओढून जवळ यायची. मी दुसऱ्या निम्म्यातली. ऑफिसात ते स्वच्छ मराठी बोलत, रेडिओवर त्याहून स्वच्छ इंग्रजी. ‘हाय’ आणि ‘न्हाय’ फक्त दोन वेळा बाहेर पडे, घरच्यांशी बोलताना आणि संतापल्यावर.

भिवंडीकडून येणारे आम्ही दोघंच, म्हणून कंपनीची गाडी एकच. सलीम मला टेमघरहून उचलायचा, मग अंजूरफाट्यावर केणीसर. ते दार उघडत, पण आत बसत नसत. आधी वाकून विचारत, “सलीम, झोप झाली का?”

सलीम वैतागायचा. “साब, रोज क्या पूछते हो? मैं घर पे झोपता हूँ, गाडी में नहीं.”

“बघून सांग.”

“हो गयी साब, पक्की.”

मग बसायचे. एकदा सलीमच्या मुलीला ताप होता आणि तो रात्रभर जागा होता. त्याने ते खरं सांगितलं, बिचाऱ्याला वाटलं सहानुभूती मिळेल. केणीसरांनी त्याला मागच्या सीटवर झोपवलं आणि फाट्यावरून रिक्षा केली. आम्ही ठाण्यापर्यंत धक्के खात गेलो, उशिरा पोचलो, आणि उशिराचं कारण म्हणून त्यांनी लिहिलं, ‘माझा निर्णय’. मी म्हटलं, सर, ट्रॅफिक लिहा की. सगळे तेच लिहितात. तोवर त्यांनी कागद देऊनही टाकला होता.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. वैमानिकांना, माल चढवणाऱ्यांना, मला. “रुबिना, झोप झाली का?” सुरुवातीला मला वाटायचं हा माणूस काळजीवाहू आहे. काळजी होतीच, पण खरी गोष्ट वेगळी होती. उत्तर त्यांना त्या माणसाच्याच तोंडून हवं असायचं. एकदा तुम्ही ‘झाली’ म्हणालात की ते तुमचं झालं.

घरात त्यांच्या नोकरीला काडीची किंमत नव्हती. खाडीकाठच्या त्यांच्या जमिनीवर आता गोदामं उभी आहेत. भावांनी गाळे बांधून भाड्याने दिले आणि गळ्यात साखळ्या घातल्या. भाच्याच्या हळदीला मी गेले होते. मोठा भाऊ पाहुण्यांना ओळख करून देत होता, “हा आमचा मोत्या. एअरपोर्टला डिस्पॅचला हाय.” गोदामांच्या गावात डिस्पॅच म्हणजे ट्रकमध्ये खोकी भरणं. पाहुण्याने मान हलवून विचारलं, “पार्सल पाठवता काय?”

“हो,” केणीसर म्हणाले, “माणसांची.”

म्हातारी आई कोपऱ्यातून ओरडली, “मोत्या, तुना काय कमी हाय रं? गाल्यांचा भाडा येतंय, घरान बस गुमान!” ते हसले आणि आईच्या पानात आणखी एक वडा वाढला. जेवण झाल्यावर आम्ही दोघं बाहेर उभे होतो. समोर गोदामाची निळी पत्र्याची भिंत. “या भिंतीच्या खाली आमचा बांध होता,” एवढंच बोलले.

बांधाची गोष्ट त्यांनी मला नंतर सांगितली, मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली होती तेव्हा. त्यांच्या खारजमिनीला मातीचा बांध होता आणि बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं फळ्यांचं दार. ओहोटीला उघडायचं, भरतीच्या आधी बंद करायचं. चुकलं की खाडीचं खारं पाणी शेतात, मग पुढची काही वर्षं भाताचं नाव नको. म्हणून राखण असायची, घराघराने फिरणारी. राखण सोडणाऱ्याने पुढच्याला सांगायचं, फळी बसली आहे, पाणी इतकं चढलंय, अमक्या ठिकाणी खेकड्याने बीळ पाडलंय. घेणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, “घेतली.” तो म्हणेपर्यंत राखण सुटत नसे. एकदा पुढचा माणूस ताडी पिऊन आला. ‘घेतली’ म्हणाला, पण जीभ अडखळली. केणीसरांच्या वडलांनी ते धरलं नाही, पुढची भरतीही स्वतःच काढली.

हीच रीत त्यांनी आमच्या हॉलमध्ये आणली होती. शिफ्ट बदलताना बाकीचे स्क्रीनकडे बोट दाखवून “सब ठीक है” म्हणत आणि बॅग उचलत. केणीसर समोर उभे राहून एकेक विमान सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, “घेतलं म्हणा.” मुलं त्यांची नक्कल करायची. कँटीनमध्ये चहाचा कप देताना एकमेकांना म्हणायची, “घेतलं म्हणा.” त्यांच्यासमोरसुद्धा. ते म्हणायचे, “चेष्टेत म्हणालात तरी चालेल. पण म्हणा.”

एका सणाच्या गर्दीच्या दिवशी त्यांनी एक विमान अडवलं. जायचं होतं तिथे वादळ घोंघावत होतं. विक्री विभागाच्या साहेबाचा फोन आला. तो एवढ्या जोरात बोलत होता, की शेजारी बसून मला अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. “इस डिले का जिम्मेदार कौन है?”

“मी,” केणीसर म्हणाले. “नाव लिहून घ्या. केणी. आता मी ते सोडलं आणि वर काही झालं, तर जिम्मेदार कोण? तुमचं नाव सांगा, मी लिहितो.”

पलीकडून फोन बंद. केणीसरांनी रिसीव्हर ठेवला आणि मला म्हणाले, “बघितलंस? अख्ख्या इमारतीत जबाबदार कोण हे विचारणारे सगळे. सांगणारा कोन न्हाय.” वादळ ओसरल्यावर विमान गेलं. त्या दिवशी शिफ्ट संपल्यावरही ते खुर्चीमागे उभे होते, विमान उतरल्याची खूण स्क्रीनवर येईपर्यंत. अशा दिवशी ते नेहमीच थांबायचे. सलीम खाली हॉर्न वाजवून दमायचा.

आणि मग तो उन्हाळ्यातला दिवस. उत्तरेकडच्या एका शहरासाठीचं दुपारचं विमान केणीसरांनी आखलं होतं. तिकडे संध्याकाळी आंधी उठण्याची चिन्हं होती, म्हणून त्यांनी जास्तीचं इंधन लिहिलं. इंधन म्हणजे वजन, वजन वाढलं की माल कमी घ्यावा लागतो. कंपनीत तेव्हा इंधन वाचवण्याची मोहीम जोरात होती, भिंतीवर रोज कोणी किती वाचवलं त्याचे तक्ते लागत. केणीसरांचं नाव तक्त्याच्या तळाशी असायचं आणि ते मुद्दाम त्यासमोर उभं राहून चहा प्यायचे.

त्या दिवशी पुढचा डिस्पॅचर आजारी पडला होता, बदली माणूस वाटेत होता. तोवर डेस्क मेहरा सांभाळणार होता. केणीसरांनी त्याला सगळं सांगितलं, आंधीचं जास्त जोर देऊन. शेवटी म्हणाले, “घेतलं म्हणा.”

मेहरा फोनवर होता. त्याने हसून हात हलवला, “अरे हाँ केणी, जा ना यार.”

“घेतलं म्हणा, साहेब.”

“जा, जा. तेरी गाडी खडी है.”

गाडी खरंच उभी होती, मी आत बसले होते. आईला दवाखान्यात न्यायचं म्हणून घरून त्यांना फोनवर फोन येत होते. ते निघाले. काशेलीच्या पुलावर आम्ही होतो तेव्हा ते एकदम म्हणाले, “तो म्हणाला नाही.” मी म्हटलं, सर, हो म्हणाला ना, तेच ते.

आम्ही गेल्यावर मेहराने बेत बदलला. जास्तीचं इंधन काढलं, माल भरला. त्याची स्वतःची मंजुरी संपलेली होती, नूतनीकरण राहून गेलं होतं, म्हणून नवीन बेतही केणीसरांच्याच नावावर काढला. आणि आता खरी मेख ऐका. वैमानिकाने तो वाचलाच नाही. खाली केणी हे नाव बघितलं आणि मान्य करून टाकला. इतक्या वर्षांत त्या नावाखाली कधी खोट निघाली नव्हती ना! केणीसरांनी जन्मभर राखलेल्या नावाने त्या दिवशी त्यांचाच घात केला.

आंधी आली. विमान वर घिरट्या घालत राहिलं, मग दुसरीकडे वळलं. तिथेही रांग. उतरलं तेव्हा टाकीत कायद्याने राहायला हवं तेवढंही राहिलं नव्हतं. माणसं सुखरूप होती. त्यांना काही कळलंही नाही, उशीर झाला म्हणून ती भांडली आणि घरी गेली.

चौकशी बसली. लांब टेबल, बिस्किटांच्या बशा, एका बाजूला साहेब लोक. मला साक्षीला बोलावलं होतं. मी सगळं सांगणार होते, विमान निघायच्या आधी केणीसर माझ्याबरोबर गाडीत होते आणि बेत नंतर बदलला गेला, हे. पण आधी त्यांना आत घेतलं. आत काय झालं ते त्यांनीच मला परतताना सांगितलं.

अध्यक्षांनी विचारलं, “बेतावर नाव तुमचं आहे?”

“नाव माझं आहे,” केणीसर म्हणाले. “राखण माझी होती. मेहरासाहेब ‘घेतलं’ म्हणाले नाहीत, तरी मी डेस्क सोडलं. एवढं माझं.” आणि ते थांबले.

ते का थांबले, हे त्या खोलीत कोणालाच कळलं नसणार. मला कळलं, कारण बांधाच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग मला माहीत होता. त्यांच्या लहानपणी एकदा बांध फुटला होता. सगळं गाव देवळापुढे जमलं. राखण त्यांच्या चुलत्याची होती. चुलता उठला आणि म्हणाला, “राखण माझी होती. माजा डोला लागला.” एवढं बोलून तो उभा राहिला. मग सुतार उठला, फळी कुजली होती, मी बदलली न्हाय. मग आणखी एक, खेकड्याचं बीळ मी बघितलं व्हतं, बोललो न्हाय. प्रत्येकाने आपलं तेवढं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून बांध घातला. मी तेव्हा विचारलं होतं, “आणि चुलत्यांना शिक्षा?” केणीसरांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. “पहिला उठला ना तो? पहिल्याला शिक्षा नसते.”

तर ते त्या वातानुकूलित खोलीत पहिले उठले. आणि वाट बघत बसले. आता मेहरा बोलेल, मग न वाचता मान्य करणारा वैमानिक, मग तक्ते लावणारे. “मी थांबलो होतो, रुबिना,” ते गाडीत म्हणाले. “बराच वेळ. मेहरा पेनाशी खेळत होता. मग अध्यक्ष म्हणाले, थँक यू फॉर युवर ऑनेस्टी, मिस्टर केणी. आणि त्यांनी फाइल मिटली.”

माझी साक्ष झालीच नाही म्हणा ना. मी तोंड उघडलं, दोन वाक्यं बोलले, तोच अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, मिस्टर केणींनी स्वतःच मान्य केलं आहे, मग हा प्रश्न उरत नाही. मी तरीही बोलले. मोठ्याने बोलले. लिहून दिलं. ‘संबंधित नाही’ असा शेरा मिळाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्यासी स्वतःच दोर वळून घेऊन आला होता.

केणीसरांची मंजुरी गेली. कंपनीने त्यांना काढलं नाही, कंपनी सभ्य आहे. राजीनामा दिलात तर बरं दिसेल, असं सुचवलं. निरोपसमारंभात मेहरानेच शाल घातली.

मेहराचा राग येतो हे सांगायला नको. पण खरं सांगायचं तर मला केणीसरांचा जास्त राग येतो. एवढी वर्षं त्या इमारतीत काढली आणि ती अंजूरची खाडी नाही हे या माणसाला कळू नये? ती माणसं एकमेकांच्या शेतावर जगत नव्हती. एकाच्या शेतात खारं पाणी शिरलं तर दुसऱ्याच्या भाताला काही होत नव्हतं, उलट त्याला बढती मिळत होती. आपलं तेवढं सांगून गप्प बसायला गाव लागतं. हे मी मनातच ठेवलं असंही नाही, त्या दिवशी गाडीत त्यांना सांगितलंच. भांडले मी त्यांच्याशी. उद्या जा, म्हटलं, सगळं सांगा, मेहराचं नाव घ्या. ते म्हणाले, “त्याचं तो सांगेल.” सलीमने गाडी चालवता चालवता कपाळावर हात मारला.

केक कापला गेल्यावर दोन दिवसांनी मला सुट्टी होती. रिक्षा करून मी अंजूरला गेले. मेहरा आता त्यांचीच गोष्ट भाषणात सांगत फिरतो हे त्यांना सांगायचं होतं. अजूनही वरच्या खात्याकडे अर्ज करता येईल, मी पुन्हा लिहून देईन, हेही सांगायचं होतं. घरी वहिनी, म्हणजे केणीसरांच्या पत्नी, म्हणाल्या, ते गोदामावर.

भावांनी त्यांना गेटवरच्या केबिनमध्ये बसवलं होतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या गेटपासवर सही करायची, एवढं काम. केस पांढरे झाले होते, शर्ट मात्र अजून खोचलेला. मला बघून त्यांना आनंद झाला, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. फुगे, केक, पडद्यावरची गोष्ट. त्यांनी ऐकून घेतलं.

“केकवर काय लिहिलं होतं म्हणालीस?”

मी सांगितलं. ते थोडं हसले.

“सर, अर्ज करा.”

“आता काय करायचा? त्यांचं सगळं नीट चाललंय ना.”

तेवढ्यात एक ट्रक गेटशी येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरून खिडकीशी आला. तरुण होता, डोळे लालभडक, पापण्या ओढल्यासारख्या. त्याने एका हाताने खिडकीची चौकट धरली होती. मी केणीसरांकडे बघितलं. प्रश्न येणार म्हणून मी वाट बघत होते, तो मला पाठ होता. केणीसरांनी मान वर न करता सही केली आणि कागद पुढे सरकवला.

“सर, त्याचे डोळे बघितलेत?”

“बघितले.”

“मग?”

“इथे सहीच पाहिजे त्यांना. माझी काय न् कुनाची काय.” त्यांनी चहाचा कप उचलला. “मी आता ‘घेतलं’ म्हनत न्हाय, रुबिना.”

मीच बाहेर धावले. “भाई, थोडा सो लो, चाय पी के निकलो,” म्हटलं. तो हसला. “मॅडम, नासिक पहुँच के सोऊँगा,” म्हणाला आणि चढला. ट्रक धूळ उडवत निघाला.

चहा तसाच ठेवून मी निघाले. रस्त्याच्या टोकाला रिक्षा मिळाली, बसताना मागे वळून बघितलं. केणीसर केबिनमधून बाहेर आले होते. गेटच्या मधोमध उभे राहून ते मानकोलीच्या दिशेने बघत होते. ट्रक केव्हाच दिसेनासा झाला होता. मागून दुसरा ट्रक हॉर्न वाजवत होता, कोणीतरी “केणीशेठ, बाजूला व्हा” म्हणून ओरडत होतं, तरी ते हलले नाहीत. विमान उतरलं की निदान स्क्रीनवर खूण यायची आणि ते घरी जायचे. हा ट्रक पडघा ओलांडून, कसारा चढून नाशिकला पोचला की नाही, हे त्यांना कोण सांगणार होतं?